गरोदरपणातील मधुमेह : ग्वाल्हेर परिसरातील निदान व उपचार

गरोदरपणातच पहिल्यांदा लक्षात येणारी रक्तशर्करेची वाढ. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. स्वादुपिंडाला ती तूट भरून काढता आली नाही, की साखर चढते. बहुतेकींना त्रास काहीच जाणवत नाही, त्यामुळे निदान तपासणीवरच अवलंबून असते.

ग्वाल्हेरमध्ये अवघड बाळंतपणे 1946 साली सुरू झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न कमलाराजा रुग्णालयात येतात. सरकारी दवाखान्यांसाठी चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेली चाचणी ठरलेली आहे : पाण्यात 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. डेसिलिटरमागे 140 मिलिग्रॅम किंवा अधिक साखर म्हणजे मधुमेह. ही चाचणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत करतात. उपाशीपोटी येण्याची अट नाही, हा तिचा मोठा गुण. भितरवार-डबऱ्याहून बसने आलेल्या बाईला दुसरा हेलपाटा पडत नाही.

पहिले दोन आठवडे आहार आणि रोज अर्धा तास चालणे एवढाच उपचार असतो. पोळी बंद करायची नसते, थोडी थोडी विभागून खायची असते. सकाळची पोहे-जिलबी आणि हिवाळ्यातली गजक मात्र सोडावी लागते. गुळाची आहे म्हणून गजक चालते, हा निव्वळ गैरसमज. जेवणानंतर दोन तासांनी साखर 120 च्या खाली आली नाही, तर मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन देतात. इन्शुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही. ते ‘एकदा लागले की कायमचे’ ही भीतीही अनाठायी; बहुतेकींचे बाळंतपणानंतर थांबते. उपचार टाळला, तर बाळ प्रमाणाबाहेर वाढते, प्रसूती अडते आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजतात आणि बाळाची साखर तपासतात.

खरी हयगय पुढे होते. वार पडली की साखर सहसा उतरते, घर निश्चिंत होते आणि मराठी घरांत डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सुरू होते. पण अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. सहा आठवड्यांनी 75 ग्रॅमची चाचणी पुन्हा, या वेळी उपाशीपोटी, करायची असते. उपाशीपोटी 126 किंवा दोन तासांनी 200 वर आकडा गेला, तर मधुमेह राहिला असे समजतात. बाळाचा दीड महिन्याचा डोसही त्याच सुमारास असतो. त्या दिवशी आईने न्याहारी न करता जावे आणि आपलेही रक्त तपासून घ्यावे.