गोड्या पाण्यातील मत्स्यालयामधील सहनिवासी माशांची निवड

गोड्या पाण्यातील मत्स्यालयामधील सहनिवासी माशांची निवड म्हणजे एकाच टाकीत, एकाच प्रकारच्या पाण्यात आणि परस्परांना इजा न करता दीर्घकाळ निरोगी राहू शकतील अशा माशांचा व अन्य जलचरांचा समूह ठरवणे होय. अनेक जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या टाकीस सामुदायिक मत्स्यालय, तर एकाच जातीसाठी राखलेल्या टाकीस एकजातीय मत्स्यालय असे म्हणतात. नैसर्गिक जलाशयात दुर्बल मासा प्रबळ माशापासून दूर जाऊ शकतो. टाकीत त्यास पळण्यास जागा नसते, त्यामुळे चुकीच्या निवडीचे परिणाम जखमा, उपासमार, रोग किंवा मृत्यू या रूपांत दिसतात.

निवड करताना पाण्याचे गुणधर्म, माशांचा पूर्ण वाढीनंतरचा आकार, स्वभाव, टाकीतील वावराचा थर, आहार आणि टाकीची क्षमता या बाबी एकत्रितपणे विचारात घेतल्या जातात.

पाण्याचे गुणधर्म

तापमान, सामू आणि कठिणता (पाण्याचा जडपणा) हे सहनिवासाचे प्राथमिक निकष आहेत. गोल्डफिश हा थंड पाण्यातील मासा असून साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान त्यास मानवते. डिस्कस या दक्षिण अमेरिकी माशास २८ ते ३० अंश तापमान लागते. हे दोन्ही मासे शांत असले तरी एका टाकीत ठेवता येत नाहीत.

अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातील निऑन टेट्रा हा मासा मृदू व किंचित आम्लधर्मी पाण्यातला आहे. पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवराचे पाणी अल्कधर्मी असून तेथील सिक्लिड माशांना ७.५ पेक्षा अधिक सामू अनुकूल असतो. गप्पी, मॉली व प्लॅटी हे पिल्ले देणारे मासेही जड पाण्यात चांगले वाढतात. मत्स्यशेतीत पैदास झालेले मासे मूळ अधिवासाहून काहीशा वेगळ्या पाण्याशी जुळवून घेतात. तथापि, दोन टोकांच्या गरजांमधील मध्यम पाणी अनेकदा दोन्ही जातींना अपुरे ठरते.

आकार आणि भक्ष्य-भक्षक संबंध

जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या खाल्ला जातो, हा या विषयातील सर्वांत उपयुक्त ठोकताळा आहे. दुकानात लहान दिसणारा एंजल मासा वाढल्यावर सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा होतो आणि जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीच्या निऑन टेट्राला गिळू शकतो. ऑस्कर ३० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा होतो. ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा (प्लेको) हाही त्याच आकारापर्यंत किंवा त्यापलीकडे वाढतो. म्हणून निवड विक्रीच्या वेळच्या आकारावरून न करता प्रौढ आकारावरून करावी लागते.

आकार लहान असला म्हणजे मासा निरुपद्रवी असतोच असे नाही. केरळ व दक्षिण कर्नाटकातील नद्यांत आढळणारा बुटका पफर मासा सुमारे ३ सेंटिमीटर लांबीचा असतो. तरीही तो गोगलगायी खातो, इतर माशांचे पर कुरतडतो आणि आपल्या हद्दीचे रक्षण करतो. त्यामुळे तो बहुधा एकजातीय टाकीतच ठेवला जातो.

स्वभाव आणि सामाजिक गरजा

थव्यात राहणारे मासे: टेट्रा, रासबोरा, डॅनिओ व कॉरिडोरास हे मासे किमान सहा किंवा त्याहून अधिक संख्येने ठेवावेत. एकटेदुकटे ठेवल्यास ते भित्रे होतात आणि अन्न टाळतात. सुमात्रा व बोर्निओ येथील टायगर बार्ब कमी संख्येत असल्यास इतर माशांचे पर कुरतडतो. आठ-दहाच्या थव्यात त्याची आक्रमकता मुख्यत्वे आपसांतच राहते. तरीही लांब पर असलेल्या संथ माशांसोबत तो ठेवणे अयोग्यच ठरते.

हद्द राखणारे मासे: थायलंडमधील फायटर (बेट्टा) जातीचे दोन नर एकत्र ठेवल्यास ते एकमेकांना गंभीर जखमी करतात. लांब, रंगीत परांचा नर गप्पी पाहूनही फायटर हल्ला करू शकतो. फ्लॉवरहॉर्न हा मानवनिर्मित संकरित सिक्लिड इतका आक्रमक असतो की, तो सामान्यतः एकटाच ठेवला जातो.

विणीचा काळ: एरवी शांत असणारे सिक्लिड अंडी व पिल्ले राखताना टाकीचा मोठा भाग व्यापतात आणि इतरांना कोपऱ्यात ढकलतात. गप्पींचे नर मादीचा सतत पाठलाग करतात. म्हणून एका नरामागे दोन ते तीन माद्या ठेवण्याची प्रथा आहे.

वावराचा थर आणि आहार

पृष्ठभाग, मध्य आणि तळ अशा तीन थरांत विभागणी केल्यास माशांतील स्पर्धा घटते. झेब्रा डॅनिओ प्रामुख्याने वरच्या भागात, टेट्रा मध्यभागी, तर कॉरिडोरास तळाशी वावरतात. मात्र तळाचे मासे उरलेल्या अन्नावर किंवा विष्ठेवर जगतात ही समजूत चुकीची आहे. कॉरिडोरासला बुडणारे खाद्य स्वतंत्रपणे द्यावे लागते.

आहारातील भिन्नताही महत्त्वाची असते. मलावी सरोवरातील म्बुना गटाचे बहुतेक सिक्लिड खडकांवरील शेवाळ खातात. मांसाहारी माशांसोबत ठेवून त्यांना प्रथिनयुक्त खाद्य मिळत राहिल्यास पचनाचे विकार संभवतात. चिनी शेवाळभक्षक मासा लहानपणी शेवाळ खातो, पण प्रौढ झाल्यावर चपट्या व संथ माशांच्या अंगावरील चिकट स्राव चोखू लागतो.

टाकीची क्षमता

टाकीचे आकारमान लिटरमध्ये काढण्यासाठी लांबी, रुंदी व उंची यांच्या सेंटिमीटरमधील गुणाकारास १,००० ने भागतात. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीचे आकारमान ५४ लिटर येते. वाळू, दगड व वरची रिकामी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी त्याहून कमी असते.

‘एका गॅलनला एक इंच मासा’ हा प्रचलित नियम केवळ लहान, सडपातळ माशांना अंदाजे लागू पडतो. माशाचे वस्तुमान लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३ सेंटिमीटरच्या दहा माशांची एकूण लांबी ३० सेंटिमीटर भरते, परंतु तशाच बांध्याच्या ३० सेंटिमीटर लांबीच्या एका माशाचे वस्तुमान त्या दहांच्या एकत्रित वस्तुमानाच्या सुमारे शंभरपट असते. त्याचे उत्सर्जनही त्या मानाने कितीतरी अधिक असते.

उत्सर्जनातून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे जीवाणू प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत. नव्या टाकीत हे जीवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यापूर्वीच टाकी माशांनी भरल्यास शांत स्वभावाचे मासेही मरतात आणि दोष चुकीने सोबत्यांवर येतो.

उदाहरणे

समतोल समूह: ९० सेंटिमीटर लांबीच्या, हीटर व गाळणी असलेल्या टाकीत दहा-बारा निऑन टेट्रा, सहा कॉरिडोरास आणि हनी गुरामीची एक जोडी. तिन्ही जाती शांत असून सुमारे २४ अंश तापमानात एकत्र राहू शकतात.

विसंगत समूह: गोल्डफिश व टायगर बार्ब (तापमान व पर कुरतडणे), एंजल व टायगर बार्ब (लांब पर), ऑस्कर व गप्पी (भक्ष्य-भक्षक), दोन नर फायटर (हद्दीसाठी झुंज).

नवे मासे सोडण्याची पद्धत

नव्या माशांना दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखे संसर्ग मुख्य टाकीत येण्याचा धोका कमी होतो. शांत मासे आधी व हद्द राखणारे मासे शेवटी सोडतात. जुन्या माशांनी हद्दी ठरवल्या असल्यास दगड व वनस्पतींची मांडणी बदलल्याने त्या मोडतात. फाटलेले पर, सतत कोपऱ्यात लपणे, अन्न न घेणे व फिकट पडलेला रंग ही विसंगतीची लक्षणे होत. ती दिसताच त्रस्त किंवा आक्रमक मासा वेगळा करावा लागतो.

पर्यावरणीय परिणाम

टाकीत न मावणारे किंवा इतरांशी न जुळणारे मासे नदी-तलावांत सोडून देणे ही चुकीच्या निवडीची गंभीर परिणती आहे. मूळचा दक्षिण अमेरिकी सकर मासा भारतातील अनेक नैसर्गिक जलाशयांत पसरला असून पूर्व कोलकात्यातील पाणथळ प्रदेशातही त्याची नोंद झाली आहे. तो अन्न व अधिवासासाठी स्थानिक माशांशी स्पर्धा करतो आणि त्याच्या खरखरीत कवचामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. त्यामुळे नको असलेला मासा विक्रेत्यास परत करणे किंवा दुसऱ्या मत्स्यपालकाकडे सोपवणे हाच योग्य मार्ग मानला जातो.