नकाशा काढणारा हात : जुआंव द कास्त्रोची कोकणचित्रे

अड्यार नदीच्या मुखाशी नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा दांडा पसरलेला आहे. प्रवाह क्षीण झाला की तो नदीचे तोंड जवळजवळ बुजवून टाकतो. पुराचे पाणी त्याला पुन्हा फोडते. येथून उत्तरेस, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्यामध्ये, श्रीहरिकोट्याचे लांबट बेट असेच आडवे पडलेले आहे. वाळूच्या किनाऱ्याचा कोणताही नकाशा हा एका ऋतूचा नकाशा असतो. अड्यार येथील वास्तव्यात हे रोज पाहत असताना पश्चिम किनाऱ्याच्या एका जुन्या चित्रमय नकाशासंग्रहाकडे मी नव्याने वळलो. कोकणची बेटे बहुतांशी खडकाळ असली, तरी तेथील खाड्यांची मुखेही गाळाने आणि वाळूने नाविकाला तितकीच फसवणारी आहेत.

हा संग्रह पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो (१५००-१५४८) याच्या नावाशी निगडित आहे. दीवकडे निघालेल्या आरमाराबरोबर तो नोव्हेंबर १५३८ मध्ये गोव्याहून उत्तरेकडे गेला. या प्रवासात त्याने लिहिलेला ‘रोतैरू’, म्हणजे सागरमार्गाची वही, १८४३ मध्ये पोर्तो येथे छापली गेली. वहीतील गद्यासोबत बंदरांची चित्रे आहेत. ती ‘ताबुआ’ म्हणून ओळखली जातात. त्यांच्या हस्तलिखितांपैकी एक महत्त्वाचा संग्रह कुइंब्रा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

या चित्रांची दृष्टी दुहेरी आहे. किनाऱ्याची रेषा आकाशातून पाहिल्यासारखी येते. डोंगर, झाडे, घरे आणि जहाजे मात्र डेकवरून दिसावीत तशी उभी असतात. जे एका जागेवरून दिसू शकत नाही, ते एका कागदावर आणले आहे. अक्षांश, खोली आणि नांगर टाकण्याची जागा गद्यात. बंदर ओळखण्याच्या खुणा चित्रात. एकाला दुसऱ्यावाचून पूर्णत्व नाही. म्हणून ‘रोतैरू’ हा सचित्र ग्रंथ मानण्यापेक्षा दोन भाषांत लिहिलेली एकच संहिता मानावी, असे मला वाटते.

या संहितेचा कर्ता निरीक्षक म्हणून विलक्षण होता. गणितज्ञ पेद्रू नुनिश याने योजलेले छाया-यंत्र घेऊन त्याने चुंबकसूचीच्या विचलनाच्या नोंदी केल्या. वसईजवळच्या खडकांमुळे सुई ढळते, हे त्याने डिसेंबर १५३८ मध्ये टिपून ठेवले. घारापुरी आणि कान्हेरी येथील लेण्यांचे त्याने केलेले वर्णन युरोपीय लेखनातील आरंभीच्या वर्णनांपैकी आहे. तथापि ही जिज्ञासा सत्तेपासून अलिप्त नव्हती. १५४५ मध्ये तो गोव्याचा गव्हर्नर झाला. आदिलशाहीशी संघर्ष सुरू असताना १५४७ मध्ये पोर्तुगीजांनी दाभोळ उद्ध्वस्त केले. ज्या बंदराची वाट वहीत नोंदली होती, त्याच बंदरावर नऊ वर्षांनी वहीच्या कर्त्याच्या अमलात आग आली. कोणत्या धक्क्यापाशी किती पाणी आहे, हे व्यापाऱ्याला जितके उपयोगी, तितकेच हल्लेखोरालाही.

येथे चित्रकार कोण, हा प्रश्न उभा राहतो. डोळा कास्त्रोचा, हे मान्य करूनही हस्तलिखितांच्या प्रतींत नकलकारांचे हात मिसळलेले असतात. या संदर्भात गास्पार कुर्रेया याने ‘लेंदाश द इंदिया’मध्ये दिलेली एक हकीकत सूचक आहे. गव्हर्नर झाल्यावर कास्त्रोने आपल्या पूर्वीच्या गव्हर्नरांची चित्रे करवून घेतली. चित्रकलेची जाण असलेल्या कुर्रेयाने ते काम एका स्थानिक चित्रकाराच्या साहाय्याने पार पाडले. कास्त्रो आणि कुर्रेया यांची नावे इतिहासात आहेत. त्या गोमंतकीय चित्रकाराचा उल्लेख केवळ ‘या देशचा माणूस’ असा येतो. नकाशांतही त्याच्यासारख्यांचा हात होता, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. परंतु नामवंत कर्त्याच्या मागे अनाम कारागीर उभा असण्याची रीत त्या दरबाराला अपरिचित नव्हती, एवढे निश्चित.

नावांच्या बाबतीतही हेच घडते. दाबुल, शाऊल, बासाईं ही रूपे म्हणजे दाभोळ, चौल, वसई या उच्चारांचे पोर्तुगीज कानांनी केलेले लिप्यंतर होय. कोणीतरी उच्चारल्याखेरीज ती कागदावर आली नसती. उलट घारापुरीला पोर्तुगीजांनी तेथील दगडी हत्तीवरून एलिफंटा म्हटले, आणि बेटाचे मूळ नाव जगाच्या नकाशावरून मागे सरले. एका ठिकाणी ऐकणे टिकले, दुसऱ्या ठिकाणी पाहणे वरचढ ठरले.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या नकाशांचे मोल येथे आहे. कोळ्याच्या तांडेलाचे खाडीविषयीचे ज्ञान स्मरणात आणि बोलण्यात राहिले. दर पावसाळ्यानंतर ते दुरुस्त होत गेले आणि बोलणाऱ्याबरोबर संपले. कास्त्रोचे ज्ञान कागदावर टिकले, पण १५३८-३९ च्या हिवाळ्यातच थांबले. पहिल्याची संहिता नाही म्हणून दुसऱ्याला एकमेव साक्षीदार मानणे ही आपल्या अभ्यासाची सवय झाली आहे. ती सोडायची, तर ताबुआंतील प्रत्येक स्थलनाम हे कोणा तरी स्थानिकाच्या तोंडून उमटलेले वाक्य समजून वाचावे लागेल. अड्यारच्या मुखावरील वाळू आज कोठे आहे, हे येथील मच्छीमाराला विचारल्यावाचून नकाशा अजूनही सांगू शकत नाही.