टेंपो : एका सामान्यनामाची वंशावळ

आमच्या हिंगणघाटात घर बदलायचं असलं, लग्नाचं सामान न्यायचं असलं किंवा ढेपेची पोती आणायची असली की लोक म्हणतात, "एक टेंपो सांगून ठेव." मग जी गाडी येते ती टाटाची असते, महिंद्राची असते, आयशरची असते. टेंपोची कधीच नसते. कारण टेंपो नावाची कंपनी आता नाही आणि ज्या गाडीमुळे हे नाव मराठीत रुजलं, ती गाडीही रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली आहे. डालडा आणि झेरॉक्स यांच्या पंगतीत बसलेला हा शब्द आहे. वस्तू गेली, नाव राहिलं.

ती गाडी म्हणजे तीनचाकी 'टेंपो हान्झिआट'. पुढे डुकराच्या तोंडासारखं लांबट नाक, त्याखाली एकच चाक आणि मागे सपाट, बुटका हौदा. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी तिला सरळ 'डुक्कर' म्हणत. हा शब्द हिणवण्यापुरता नव्हता, त्यात आपुलकीही होती. ज्या जनावराला काहीही चालतं आणि जे कुठेही शिरतं, त्याचं नाव त्या गाडीला शोभत होतं. या डुकराची वंशावळ काढायला बसलं की एक टोक जर्मनीत हांबुर्गला जातं आणि दुसरं आमच्या वर्धा जिल्ह्यात येतं.

हांबुर्गचं टोक आधी पाहू. १९२४ साली तिथे 'विडाल उंट झोन', म्हणजे 'विडाल आणि मुलगा', नावाची कंपनी निघाली. तिने टेंपो या नावाने छोट्या तीनचाकी मालगाड्या बनवायला सुरुवात केली. १९२८ साली जर्मनीत दोनशे घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनांच्या गाड्यांना परवाना आणि कर यांतून सूट मिळाली. बेकरीवाला, भाजीवाला, कोळसेवाला अशा माणसांना घोडागाडीच्या जागी काहीतरी हवंच होतं. ट्रक परवडत नव्हता. त्या मधल्या फटीत टेंपो शिरला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, याच घराण्यातली हान्झिआट आली. सुमारे चारशे घनसेंटिमीटरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि पाऊण टनाच्या आसपास माल, एवढी तिची ऐपत. उद्ध्वस्त शहरं पुन्हा उभी करताना असल्या गाड्यांनी विटा वाहिल्या. पुढे जर्मन माणसाच्या हातात पैसा आला, त्याला चार चाकं परवडू लागली आणि १९५६ च्या सुमारास हान्झिआटचं तिथलं उत्पादन थांबलं.

तिथे थांबलेली गाडी दोनच वर्षांनी भारतात सुरू झाली. इथे वंशावळीचं दुसरं टोक लागतं.

वर्ध्याचे शेठ बच्छराज बजाज हे मोठे व्यापारी. राजस्थानातून दत्तक आणलेला जमनालाल हा त्यांचा नातू. हा नातू पुढे गांधीजींचा 'पाचवा मुलगा' म्हणवला गेला आणि त्याच्यामुळेच गांधीजी वर्ध्याला आले. घराण्याच्या व्यवसायांना आजोबांचं नाव होतं. १९४५ साली स्थापन झालेल्या 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन'मध्येही ते होतं. हीच कंपनी १९६० मध्ये 'बजाज ऑटो' झाली. तिच्या बरोबरीने अहमदनगरचे नवलमल फिरोदिया होते. वकिली शिकलेले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले आणि माणसाने माणसाला ओढायची रिक्षा जावी म्हणून ऑटोरिक्षा भारतात आणायच्या खटपटीत पडलेले. विडाल कंपनीशी करार करून १९५८ मध्ये 'बजाज टेंपो' उभी राहिली आणि हान्झिआट भारतात बनू लागली. पुढे कारखाना आकुर्डीला आला. म्हणजे वर्ध्याचं आडनाव आणि हांबुर्गचं नाव एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी आलं.

वर्ध्याला मोटारीचं एक वेगळंच नातं त्याआधीच माहीत होतं. जमनालालजींकडे एक जुनी फोर्ड गाडी होती. तिचं इंजिन काढून तिला बैल जुंपले गेले आणि गमतीने तिला 'ऑक्स-फोर्ड' म्हणू लागले. ऑक्स म्हणजे बैल. हा किस्सा वर्ध्यात विनोद म्हणून सांगितला जातो, पण मला तो त्या काळाच्या वाहतुकीचा नेमका हिशेबही वाटतो. पेट्रोल बाहेरून येणार, कडबा इथेच पिकणार. मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा अर्थशास्त्र मांडत होते तेही याच अंगाने. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. ते कोणाच्या हातात राहतं आणि बिघडलं तर कोण दुरुस्त करतं, हे आधी बघायचं. त्या कसोटीवर फोर्ड नापास झाली, म्हणून तिची बंडी झाली. हान्झिआटने मात्र उलटा प्रवास केला. बंडीची कामं करायला ती मोटार म्हणून आली आणि दुरुस्तीच्या कसोटीवर बऱ्यापैकी पास झाली.

ते कसं, हे तिच्या बांधणीतून कळतं. इंजिन थेट पुढच्या चाकावर. ताकद साखळीने त्याच चाकाला मिळते. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत लांब दांडा न्यावा लागत नाही. मागचा भाग म्हणजे नुसती सांगाडी आणि फळ्या. हौदा जमिनीपासून फार उंच नाही, म्हणून एकटा हमाल पोतं चढवू शकतो. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, वेगळं ऑइल पंपिंग नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. नाकावरचं झाकण उघडलं की सगळं समोर. पाना, पकड, प्लग साफ करायला पॉलिश पेपर आणि थोडी शिवीगाळ, एवढ्यावर मिस्त्री गाडी सुरू करत असे. तोटेही होतेच. धूर भयंकर, आवाज त्याहून भयंकर आणि वळणावर जोर केला तर तीन चाकांची गाडी कलंडायची.

वर्धा जिल्ह्यात ही गाडी नेमक्या कोणत्या फटीत बसली? लांबच्या मालासाठी रेल्वे होती. पुलगाव-आर्वीसारखी सुमारे पस्तीस किलोमीटरची नॅरो गेज, म्हणजे शकुंतला, होती. गावातून जिनिंगपर्यंत कापूस आणायला बंडी होती. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हाही खरेदी केंद्रांसमोर रांगा लागत त्या बंड्यांच्याच. कापूस हलका पण जागा खाणारा, त्याला हान्झिआटचा हौदा पुरत नसे. पण जिनिंगमधून सरकी निघाली, सरकीतून तेल आणि ढेप निघाली की ती पोती दुकानापर्यंत, दुकानातून गोठ्यापर्यंत न्यायला हाच टेंपो. आर्वी, कारंजा, आष्टीकडचा संत्रा बाजारात आणायला टेंपो. किराणा, सिमेंट, मंडपाचे बांबू आणि गणपती आणायलाही टेंपोच. रेल्वेचा शेवटचा आणि बंडीचा पहिला टप्पा त्याने जोडला.

अशा गाडीचा इतिहास लिहिलेला सापडत नाही. तो सापडतो आरसी बुकात.

आमच्या घरी १९७२ सालचा एक हान्झिआट आहे. त्याच्या नंबरात 'एमएच' नाही, कारण ही अक्षरं १९८९ मध्ये नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरची. वर्ध्याचं 'एमएच-३२' त्याहून नंतर आमच्या सवयीचं झालं. आरसी बुकाच्या आतल्या पानांवर मालक बदलल्याचे शिक्के आहेत. पहिला मालक एक जिनिंग-प्रेसिंग, दुसरा संत्र्याचा व्यापारी, तिसरे माझे आजोबा. त्यांचं ढेप-सरकीचं दुकान होतं. चौथं नाव काकांचं. आजोबा गेल्यावर फॉर्म ३१ भरून ते चढवलं. जिवंत माणसाने विकली तर फॉर्म २९ आणि ३०, मालक वारला तर ३१, हा फरक मला त्या कागदांवरूनच कळला. सातबाऱ्यावर शेताची जशी वारस नोंद होते, तशीच ही. फक्त शेत एकाच घरात राहतं. टेंपो मात्र कारखान्याकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून दुकानदाराकडे असा पायरी पायरीने खाली उतरत जातो. प्रत्येक नवा मालक आधीच्यापेक्षा थोडा गरीब आणि गाडीच्या तब्येतीबद्दल थोडा जास्त जाणकार. थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला मिळतात तसं. ही उतरती भाजणी हेच कामाच्या गाडीचं आयुष्य असतं.

आमच्या घरातल्या सगळ्यांना ही गाडी हाताने माहीत आहे, कारण थंडीत ती ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. "ढकला रे पोट्टेहो!" ही आजोबांची हाक माझ्या वडिलांच्या पिढीला अजून पाठ आहे. या शतकाच्या सुरुवातीला भारतातही हान्झिआटचं उत्पादन बंद झालं. पार्ट मिळेनात. २००५ मध्ये दोन गोष्टी घडल्या : टाटाचा छोटा हत्ती बाजारात आला आणि बजाज टेंपो कंपनीने आपलं नाव बदलून 'फोर्स मोटर्स' केलं. म्हणजे टेंपोचं काम आणि टेंपोचं नाव दोन्ही एकाच वर्षी दुसरीकडे गेलं. आमचा टेंपो त्याच्या थोडं आधीच शेडमध्ये उभा राहिला होता. आता ती शेड रिकामी करायची आहे आणि टेंपो कोणाला द्यायचा हा प्रश्न घरात आहे.

गिऱ्हाइकं दोन आहेत. एक भंगारवाला, किलोच्या दराने. दुसरा आमचा जुना मिस्त्री. त्याला तो सुरू करून ठेवायचा आहे आणि भंगारापेक्षा जास्त पैसे द्यायची त्याची तयारी आहे. घरातलं मत मिस्त्रीकडे आहे. अडचण कायद्याची आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूप राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. आमच्या टेंपोला २०२२ मध्ये पन्नास वर्षं झाली. पण नियमाची व्याख्या दुचाकी आणि चारचाकी, तीही खासगी वापराची, एवढ्यावर थांबते. आमची गाडी तीनचाकी आहे आणि मालवाहू आहे. म्हणजे दोन्ही अंगांनी बाहेर.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या कामात अशा गोष्टी रोज दिसतात. डेटाबेसमध्ये ज्याला रकाना नाही, ती गोष्ट त्या प्रणालीपुरती जगातच नसते. कुणी मुद्दाम वगळलेली नसते. रकाने ठरवताना त्या खोलीत बसलेल्या कुणाच्या डोळ्यांसमोर ती आलेली नसते. 'व्हिंटेज' म्हटल्यावर समोर आली असेल ती संस्थानिकाची मोटार, फार तर एखादी जुनी जावा. ढेपेची पोती वाहणारा टेंपो कुणाला आठवणार?

मग तो राहतो मालवाहू गाडी म्हणूनच. मालवाहू गाडीकडे चालू पासिंग नसेल तर कायद्याच्या कलम ५६ नुसार तिची नोंदणी वैध धरली जात नाही. पासिंगसाठी आजच्या कसोट्या, आणि त्यात या बिचाऱ्याचं टू-स्ट्रोक इंजिन. वैध नोंदणी नाही म्हणून पाचवं नाव चढवणं अवघड. सरळ रस्ता एकच, अधिकृत भंगार केंद्र. तिथे कागद स्वच्छ होतात, ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि चासीवरच्या नंबराचा कापलेला तुकडा नियमाप्रमाणे सहा महिने जपून ठेवतात. कामाच्या गाडीचं सरकारी संग्रहालय ते एवढंच.

धुरकट जुन्या गाड्या रोज रस्त्यावर धावू नयेत, हे मला मान्य आहे. आजोबांच्या टेंपोने पुन्हा ढेप वाहावी असं कुणीच म्हणत नाही. पण मोटारीला जी सवलत आहे तीच, त्याच अटींवर, कामाच्या गाडीला का नसावी? जर्मनीत १९९७ पासून जुन्या वाहनांसाठी 'एच' अक्षराची नंबरप्लेट मिळते. अट तीस वर्षांची आणि मूळ रूपाची. ट्रक, ट्रॅक्टर, तीनचाकी असा भेद त्यात नाही. म्हणजे १९५० सालचा हांबुर्गचा हान्झिआट आज तिथे सन्मानाने रस्त्यावर येऊ शकतो. तोच सांगाडा आणि तेच इंजिन घेऊन आकुर्डीत जन्मलेला त्याचा धाकटा भाऊ वर्ध्यात येऊ शकत नाही.

हे वर्ध्यात घडावं याचं जास्त वाईट वाटतं. कारण अवजाराला मान देणं हे याच जिल्ह्याने देशाला दाखवलं. १९३८ साली सुरू झालेल्या मगन संग्रहालयात राजांच्या तलवारी नाहीत. तिथे चरखे आहेत, ग्रामोद्योगाची साधनं आहेत. माणसं ज्यावर राबली ती वस्तू पाहण्यासारखी असते, हा विचार तिथे भिंतींतच आहे. त्या विचाराने पाहिलं तर टेंपोची जागा चरख्याच्या फार लांब नाही. तो परका होता, पेट्रोल पीत होता, पण लहान माणसाच्या हातात राहिला आणि लहान माणसाने दुरुस्त केला.

नियम बदलायला फार काही लागत नाही. व्याख्येत 'तीनचाकी आणि मालवाहू' एवढे शब्द वाढवावे लागतील आणि भाड्याने माल वाहणार नाही ही अट आहे तशी ठेवावी लागेल. तोवर काकांनी भंगारवाल्याला नाही म्हटलं आहे. मिस्त्री दर रविवारी येतो, नाकावरचं झाकण उघडतो आणि काहीतरी खुडबुड करून जातो. आरसी बुकात पाचव्या नावासाठी जागा कोरी आहे.