तुंबाविरहित चाकाची सायकल
तुंबाविरहित चाकाची सायकल : मध्यभागी तुंबा, आस व आरे नसलेले, केवळ कड्याच्या रूपातील चाक बसविलेली सायकल. भावी काळातील वाहनांच्या कल्पनाचित्रांत हे रूप वारंवार आढळते. ते मोहक आहे यात शंका नाही. परंतु आरे काढून टाकल्यावर त्यांचे काम कोणी करावयाचे, हे चित्रात दिसत नाही. त्यासाठी सायकलीच्या चाकाचा पूर्वेतिहास पाहावा लागतो.

कार्ल फोन ड्राइस यांनी १८१७ मध्ये मानहाइम येथे चालविलेल्या दुचाकीची चाके गाडीच्या चाकांप्रमाणे लाकडी होती. अशा चाकात तुंब्याखालच्या आऱ्यांवर दाब पडत असल्याने ते जाड ठेवावे लागतात. याउलट तारेचे आरे ताणून बसविण्याची कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांना विमानासाठी हलक्या चाकांचा विचार करताना १८०८ मध्येच सुचली होती. सायकलीत ती पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये आणली. त्याच वर्षी, त्याच शहरात झ्यूल स्यूरिरे यांनी सायकलीसाठी गोळ्यांच्या धारव्याचे (बेअरिंगचे) एकस्व घेतले. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये आरे तुंब्याला स्पर्शरेषेत जोडले व त्यामुळे पेडल मारताना पडणारा पीळ चाकाला सहन होऊ लागला. ताणलेले आरे पातळ रिमला सर्व बाजूंनी आत ओढून धरतात. म्हणूनच भाराखाली ती चेपून लंबवर्तुळाकार होत नाही.

तुंबाविरहित चाकात हा आधार नाहीसा होतो. त्यामुळे कडे स्वतःच वाकण्यास विरोध करू शकेल इतके जाड व जड करावे लागते. ते फिरते ठेवण्याचे दोन मार्ग आहेत : सांगाड्याला जोडलेल्या स्थिर कड्याभोवती मोठ्या व्यासाचा धारवा बसविणे किंवा फिरत्या कड्याला आतून तीन-चार रुळांनी धरून ठेवणे. यारीचा (क्रेनचा) वरचा भाग अशाच मोठ्या धारव्यावर फिरतो, पण तेथे वेग अगदी मंद असतो. सायकल ताशी २० किमी. वेगाने जात असता ३३ सेंमी. त्रिज्येच्या चाकात, आसापासून १ सेंमी. अंतरावरील गोळ्यांच्या वाटेचा वेग ताशी सु. ०·६ किमी. भरतो. तोच धारवा २८ सेंमी. त्रिज्येवर नेल्यास तो ताशी सु. १७ किमी. होतो. घर्षणाने होणारा ऊर्जाव्यय त्या मानाने वाढतो. शिवाय धूळ व चिखल रोखणारे सील संपूर्ण परिघावर लावावे लागते व तेही घासते.

गती देणे हीही अडचणच. कड्याच्या आतील ५० सेंमी. व्यासाच्या दात्यांत ५ सेंमी. व्यासाचे दंतचक्र अडकविल्यास चाकाच्या एका फेऱ्यास त्याचे दहा फेरे लागतात. नेहमीच्या सायकलीत पेडलच्या एका फेऱ्यात चाक सु. अडीच वेळा फिरते. तेव्हा या दंतचक्राने सु. पंचवीस फेरे घेतले पाहिजेत. एका साखळीने एवढी वेगवृद्धी साधणे कठीण. मोटारसायकलीत ही अडचण इंजिन किंवा मोटर भागविते, सायकलीत मात्र स्वाराचे पाय.

त्यामुळे या चाकाचे प्रयोग यंत्रचलित वाहनांत अधिक झाले, हे स्वाभाविकच आहे. फ्रांको स्बारो या स्वित्झर्लंडमधील आकृतिबंधकाराने १९८९ मध्ये जिनीव्हाच्या मोटार प्रदर्शनात अशा चाकांची मोटारसायकल मांडली. मूळ कल्पना दॉमिनिक मोता यांची होती. तत्पूर्वी ट्रॉन (१९८२) या अमेरिकन चित्रपटातील सिड मीड यांनी आरेखिलेल्या दुचाकींनी भविष्यकालीन वाहनांविषयी लोकांचे कुतूहल वाढविले होते. फिनलंडच्या व्हर्ज कंपनीने पुढे मागील चाकाच्या कड्यातच विद्युत् चलित्र बसवून दंतचक्रे व साखळी दोन्ही टाळली. हा या कल्पनेचा सर्वांत सयुक्तिक उपयोग म्हणता येईल.

पेडलच्या सायकलीत येल विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. वेगवृद्धीसाठी त्यांना पेडलकडील दंतचक्रांचे दोन संच एकापुढे एक जोडावे लागले. तुंबाविरहित केले ते केवळ मागचे चाक. पुढचे नेहमीचे, तारेच्या आऱ्यांचेच होते.