काळे जहाज : ‘शोगुन’ मालिकेमागील रेशमाचा व्यापार

जेम्स क्लॅव्हेल यांच्या १९७५ मधील ‘शोगुन’ या कादंबरीवर आजवर दोन दूरचित्रवाणी मालिका निघाल्या. पहिली १९८० साली, रिचर्ड चेंबरलेन आणि तोशिरो मिफुने यांच्या भूमिका असलेली, आणि दुसरी २०२४ मध्ये, जिचे बहुतांश संवाद जपानी भाषेत आहेत आणि जिला त्या वर्षी १८ एमी पुरस्कार मिळाले. दोन्हींचे कथानक इ. स. १६०० च्या सुमारास, जपानमधील सरंजामी यादवीच्या अखेरच्या पर्वात घडते, आणि पात्रांची नावे बदललेली असली तरी त्यांमागच्या मूळ व्यक्ती सहज ओळखू येतात. तोरानागा म्हणजे पुढे शोगुन, अर्थात जपानचा लष्करी शासक, झालेला तोकुगावा इएयासु, जॉन ब्लॅकथॉर्न म्हणजे विल्यम ॲडम्स हा इंग्रज नाविक, मारिको म्हणजे होसोकावा ग्रासिया ही ख्रिस्ती झालेली सरदारपत्नी. या सर्वांच्या डावपेचांत वारंवार डोकावते ते मात्र पोर्तुगीजांचे ‘काळे जहाज’. प्रेक्षकाचे लक्ष तलवारींकडे आणि किल्ल्यांतील कारस्थानांकडे वळवले जाते, हे नाट्याच्या दृष्टीने रास्तच आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने कथेचे मर्म त्या जहाजातील मालात आहे, आणि ते जहाज ज्या सत्तेच्या नावाने चाले तिची पूर्वेकडील राजधानी गोवा होती.

या व्यापाराचे मूळ चीनच्या मिंग दरबाराने घातलेल्या बंदीत सापडते. जपानी किनाऱ्यावरून येणाऱ्या चाच्यांच्या उपद्रवाला कंटाळून या दरबाराने जपानशी थेट व्यापार करण्यास मनाई केली होती, आणि १५६७ मध्ये सागरी व्यापारावरील निर्बंध सैल करतानाही जपानला त्या सवलतीतून वगळले होते. नेमक्या याच काळात जपानमध्ये इवामी येथील खाणींतून चांदीचे उत्पादन भराभर वाढत होते, आणि चीनमध्ये चांदीला सोन्याच्या तुलनेत जपानपेक्षा चढा भाव मिळत असे. उलट जपानी सरदारांना व धनिकांना चिनी कच्च्या रेशमाची न संपणारी गरज होती. दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद असले की तिसऱ्याचे फावते. १५५७ च्या सुमारास मकावला ठाणे वसवलेल्या पोर्तुगीजांनी ही मध्यस्थी पत्करली आणि रेशीम नेऊन चांदी आणण्याच्या या फेरीवर अफाट नफा मिळवला. डांबर फासलेल्या काळ्या सांगाड्यामुळे त्यांच्या जहाजांना जपानी लोक ‘कुरोफुने’, म्हणजे काळी जहाजे, म्हणू लागले.

ही फेरी कोणाही व्यापाऱ्याला करता येत नसे. पोर्तुगालच्या राजाच्या वतीने गोव्याचा विजरई, म्हणजे पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेचा मुख्य प्रतिनिधी, ‘कपितान-मोर’ या हुद्द्यावर एखाद्या उमरावाची नेमणूक करी, आणि त्या वर्षीच्या जपान-फेरीचा हक्क त्या उमरावाकडे जाई. हा हक्क दुसऱ्याला विकताही येत असे, आणि मकावमध्ये मुक्काम असेतोवर तेथील कारभारही १६२३ पर्यंत याच कपितानाकडे राही. जहाज एप्रिल-मेमध्ये गोवा सोडी, मलाक्कामार्गे मकावला पोहोचे, तेथे कँटनच्या बाजारातून रेशीम भरण्यासाठी महिनोन्‌महिने थांबे आणि पुढच्या उन्हाळ्यात नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर जपान गाठी. परतण्यासाठी उत्तरेकडील वारे सुटण्याची वाट पाहावी लागे. गोव्याहून निघून गोव्यास परतेपर्यंत अशी दोन-तीन वर्षे सहज जात.

मालाबरोबर धर्मही गेला, आणि तोही गोव्याहूनच. जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघून ऑगस्टमध्ये कागोशिमाला उतरला, तेव्हा त्याच्यासोबत अंजिरो नावाचा जपानी गृहस्थ होता, ज्याने आदल्या वर्षी गोव्यात बाप्तिस्मा घेतला होता. पुढे ओमुरा सुमितादा या दाइम्योने, म्हणजे प्रांताधिपती सरदाराने, नागासाकी बंदर पोर्तुगीजांना खुले केले आणि १५८० मध्ये ते चक्क जेझुइट पाद्र्यांच्या स्वाधीन केले. रेशमाच्या व्यापारात जेझुइटांचा ठरलेला हिस्सा होता आणि मिशनचा खर्च बराचसा त्यावर चाले, हे ध्यानात घेतले म्हणजे मालिकेतील पाद्री धर्माइतकेच जहाजाच्या वेळापत्रकाविषयी हळवे का आहेत याचा उलगडा होतो.

या व्यवहाराची एक काळी बाजूही होती, आणि मालिकेच्या देखण्या चौकटीत तिला फारशी जागा मिळालेली नाही. परतीच्या जहाजांवर जपानी स्त्री-पुरुष गुलाम म्हणून नेले जात. पोर्तुगालच्या राजाने १५७० मध्ये यास बंदी केली, तरी सतराव्या शतकाच्या आरंभीही गोव्यातील पोर्तुगीज नागरिक, शहराच्या संरक्षणासाठी जपानी गुलाम उपयोगी पडतात असे सांगत, त्या बंदीविरुद्ध राजाकडे तक्रार करीत होते. जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्याच्या रोषाच्या कारणांत माणसांची ही विक्रीही होती. त्याचे मन वळवण्यासाठी अलेस्सांद्रो वालिन्यानो हा जेझुइट १५९१ मध्ये त्याला भेटला तो पाद्री म्हणून नव्हे, तर गोव्याच्या विजरईचा वकील म्हणून. त्याने नेलेल्या नजराण्यात, दख्खनच्या दरबारांना गोव्यामार्गे मिळत त्याच जातीचा, अरबी घोडा होता. विजरई दुआर्ते द मेनेझिश याच्या नावाचे, १५८८ ची तारीख असलेले सुशोभित चर्मपत्र क्योतोच्या म्योहो-इन मंदिरात आजही जपलेले आहे.

अशा पार्श्वभूमीवर एप्रिल १६०० मध्ये ‘लीफ्दे’ हे डच जहाज मोडक्या अवस्थेत क्यूशू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरचा इंग्रज पायलट, म्हणजे मार्गदर्शक नाविक, विल्यम ॲडम्स हा चाचा असून त्याला ठार करावे, असा जेझुइटांचा आग्रह होता. इएयासुने तो मानला नाही. यात उदारपणापेक्षा हिशेब अधिक असावा, कारण रेशमाचा दर एकाच विक्रेत्याच्या मुठीत असताना त्याचा वैरी हाती ठेवणे फायद्याचेच होते. त्याच इएयासुने १६०४ मध्ये ‘इतोवाप्पु’ ही पद्धत सुरू केली, जिच्यानुसार क्योतो, साकाई आणि नागासाकी येथील निवडक व्यापाऱ्यांनी एकत्रितपणे कच्च्या रेशमाचा दर ठरवून सर्व माल घाऊक उचलायचा असे. काळ्या जहाजाच्या नफ्यावर पहिला मोठा घाव या दरपत्रकाने घातला, ॲडम्सने नव्हे. मालिकेत ॲडम्सचे महत्त्व फुगले आहे ते कादंबरीच्या इंग्रजी दृष्टीमुळे; त्यात पोर्तुगीज भाषेतील संभाषणे प्रेक्षकांना इंग्रजीतून ऐकू येत असल्याने, आशियाच्या बंदरांत त्या काळी पोर्तुगीज भाषेचे केवढे चलन होते हेही झाकले जाते.

मालिकेतील नाट्याला मागे टाकणारी घटना प्रत्यक्षात दहा वर्षांनी घडली. मकावमध्ये १६०८ साली जपानी खलाशांची दंगल कठोरपणे मोडून काढणारा कपितान-मोर आंद्रे पेसोआ हा १६०९ मध्ये ‘माद्रे द देउश’ हे जहाज घेऊन नागासाकीस आला. त्याच्या पाठोपाठ, त्याच जहाजावर टपलेली दोन डच जहाजे जपानमधीलच हिरादो बंदराला पोहोचली. इएयासुच्या संमतीने आरिमा हारुनोबु या दाइम्योने पेसोआला पकडण्याचे ठरवले. वाऱ्याअभावी जहाज बंदराबाहेर पडू शकेना, आणि जानेवारी १६१० मध्ये रात्रीमागून रात्री लहान होड्यांतून हल्ले झाले. अखेरीस हल्लेखोरांनी होड्या जोडून त्यांवर चामड्याने मढवलेला मनोरा उभारला. एका गोळीने पोर्तुगीज सैनिकाच्या हातातील आगीचा गोळा फुटला, शिडाने पेट घेतला, आणि तेव्हा पेसोआने दारूकोठाराला आग लावून माल व माणसांसह जहाज उडवून दिले.

एवढे होऊनही दोनेक वर्षांत व्यापार पुन्हा सुरू झाला, कारण जपानला रेशीम हवे होते. ख्रिस्ती धर्मावर १६१४ मध्ये देशभर बंदी आल्यानंतरही पंचवीस वर्षे पोर्तुगीज जहाजे येत राहिली. तोच माल डच पुरवू शकतील अशी खात्री करून घेतल्यावरच शोगुनच्या सरकारने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना कायमची बंदी केली, आणि पुढच्या वर्षी विनवणी करण्यास मकावहून आलेल्या शिष्टमंडळातील ६१ जणांचा शिरच्छेद करून उरलेल्या १३ जणांना निरोप देऊन परत पाठवले. गोव्याच्या विजरईला याचा जाब विचारणे शक्य नव्हते. १६३६ पासून डच आरमार दर हंगामात मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून बसत होते आणि जानेवारी १६४१ मध्ये मलाक्काही पडले. त्याच वर्षी डचांना हिरादोहून हलवून नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर ठेवण्यात आले. हे बेट अवघ्या पाच वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनाच कोंडून ठेवण्यासाठी बांधले होते.