आजीची हिमरू शाल

मागच्या रविवारी मी एक पराक्रम केला. आजीची हिमरू शाल मशीनमध्ये धुतली! कापड शाबूत, वरची रेशमी फुलं मात्र पार विसकटली. असं का, हे शोधता शोधता थेट इतिहासात पोचलो.

१३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्यामागे विणकरही आले, असं आमच्या औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) सांगतात. राजेरजवाड्यांचं किनखाब म्हणजे रेशीम आणि सोन्या-चांदीची जर. हिमरू हे त्याचंच परवडणारं रूप: ताणा (उभा धागा) सुताचा, नक्षीचा बाणा (आडवा) रेशमाचा.

आता गंमत बघा. कापसाचा तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, पीळ पडलेल्या फितीसारखा. तो सेल्युलोजचा, त्यामुळे ओला झाला की उलट जास्त बळकट! रेशमाचा तंतू शेकडो मीटर लांब, आडवा कापला तर साधारण त्रिकोणी. म्हणूनच ती चमक. पण तो प्रथिनाचा. पाण्यात कमजोर होतो आणि डिटर्जंटमधला अल्कली प्रथिनावरच घाला घालतो.

मागावर ताण सोसायला सूत आणि मिरवायला रेशीम, हे त्या विणकरांना मायक्रोस्कोपशिवाय कळलं होतं. मला इंजिनिअर होऊनही नाही. आजी काही बोलली नाही, नुसती फुलांवरून हात फिरवत बसली. तेच जास्त लागलं.

तुमच्या घरी असली तर मशीनपासून लांब ठेवा, एवढंच.