मध्यरात्रीचं अपडेट : आपल्या इमारतीतल्या इंटरनेटची पंचवीस वर्षं

पाणी, लिफ्ट आणि पार्किंग यांचा इतिहास या स्मरणिकेत इतर सभासद लिहीत आहेत. माझ्याकडे इंटरनेट आलं आहे. विषय लहान वाटतो, पण गेल्या दोन वर्षांत आपल्या सोसायटीत पाण्याखालोखाल तक्रारी कशाच्या आल्या असतील तर त्या वायफायच्या. त्यातल्या निम्म्या तक्रारींचा शब्द एकच : "रात्री आपोआप काहीतरी अपडेट झालं आणि सकाळपासून बंद!" हे आपोआप अपडेट आलं कुठून, ते बंद करावं की चालू ठेवावं, आणि त्याची किल्ली घरात नक्की कुणाकडे असावी, हे जुन्या गोष्टींच्या आधाराने मांडतो.

देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमतर्फे, आणि तेही आधी महानगरांत. आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला भारत संचार निगम अस्तित्वात आला. त्या काळात इमारतीत इंटरनेट म्हणजे फोनची तार. संचारनेटचं तासांचं कार्ड आणायचं, मोडेम कर्रर्र करून जोडला जायचा आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. गडहिंग्लजहून कुणाचा तरी तातडीचा निरोप यायचा असेल तर तो पोरगं चॅटिंग संपवेपर्यंत थांबायचा. तरुण सभासदांना हे खरं वाटणार नाही.

त्या मोडेमच्या पोटातही एक कायमची आज्ञावली होती. तिला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द १९६७ सालचा, ॲशर ऑपलर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने काढलेला. यंत्राचा लोखंडी भाग आणि बदलता येणारा प्रोग्रॅम यांच्या मधली गोष्ट, म्हणून 'फर्म'. मोडेमचं फर्मवेअर कुणी कधी बदललं नाही. यंत्र बिघडलं की नवं यंत्र आणायचं, एवढंच ठाऊक होतं.

बँकेत मात्र बदल कसा करतात हे आम्ही जवळून पाहिलं. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत संगणक आले. आधी लेजर पोस्टिंगची मशीन, मग पूर्ण शाखेचं संगणकीकरण. प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती असली की कंपनीचा माणूस फ्लॉपी घेऊन शाखेत यायचा, पुढे सीडी घेऊन. दिवसाचा व्यवहार बंद झाल्यावर आधी बॅकअप काढायचा, मग दुरुस्ती बसवायची, मग ताळेबंद जुळतो का बघायचा आणि रजिस्टरवर दोघांनी सही करायची. जुळलं नाही तर जुनंच परत चढवायचं. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री, वर्ष दोन आकड्यांत लिहिण्याच्या त्या प्रसिद्ध भानगडीमुळे, देशभर कितीतरी अधिकारी शाखांमध्ये बसून होते. काही विशेष घडलं नाही, कारण दुरुस्त्या आधीच झाल्या होत्या. पण ही पद्धत महागडी होती. शाखा हजारो आणि माणसं मोजकी. कोअर बँकिंग आल्यावर ती संपली, बदल मध्यवर्ती ठिकाणी होऊ लागला आणि शाखेला फक्त परिपत्रक यायला लागलं.

घरच्या यंत्रांचंही तेच झालं, आणि त्यामागे एक मोठा दणका होता. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाची कीड जगभरच्या विंडोज संगणकांत शिरली. संगणक साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून स्वतःच बंद व्हायचा. गंमत म्हणजे, गंमत कसली, खेदाची गोष्ट म्हणजे, त्या छिद्राचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिलं होतं. जवळजवळ चार आठवडे ते पडून होतं आणि लोकांनी लावलं नाही. घरगुती माणूस स्वतःहून अपडेट करत नाही हे त्यात पक्कं सिद्ध झालं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या मोठ्या सुधारणेत आपोआप अपडेट चालू ठेवण्याचा आग्रह धरला गेला. आज आपल्या राउटरवर मध्यरात्री जे होतं, त्याचं मूळ तिथे आहे.

आपल्याकडे जानेवारी २००५ महत्त्वाचा. त्या महिन्यात भारत संचार निगमची 'डाटावन' ब्रॉडबँड सेवा जाहीर झाली, आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहरपट्टी परवानामुक्त केली. ज्यांनी ऐंशीच्या दशकापर्यंत पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरलं आहे त्यांना याचं मोल कळेल. घरात बिनतारी यंत्र ठेवायचं आणि सरकारला विचारायचं नाही, हे आमच्या पिढीला नवलच होतं. त्यानंतर आपल्या इमारतीत एकेका खिडकीतून पांढरे अँटेना दिसायला लागले.

या राउटरांना पासवर्ड असायचा 'ॲडमिन' आणि नावही 'ॲडमिन'. बसवणारा पोरगा तेच ठेवून जायचा. त्याचा परिणाम जुलै २०१७ मध्ये दिसला. भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड जाळ्यात घातक प्रोग्रॅम शिरला. ज्यांनी मूळ पासवर्ड बदलला नव्हता त्यांचे मोडेम बंद पडले आणि निगमने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचं आवाहन केलं. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने असेच मूळ पासवर्डवर चालणारे कॅमेरे आणि राउटर हाताशी धरून अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट दिवसभर अडवून ठेवल्या होत्या. म्हणजे दिवाणखान्यातला डबा तुमच्या नकळत दुसऱ्याचं काम करत असतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं ते अशाच लागण झालेल्या यंत्रांच्या सफाईसाठी. त्याची साधनं फुकट आहेत. कुणी वापरलेली मी तरी पाहिली नाहीत.

मेश आपल्याकडे आलं लॉकडाऊननंतर. मार्च २०२० पासून एका घरात दोन ऑफिसं आणि दोन शाळा भरायला लागल्या. आपल्या इमारतीच्या भिंती त्या काळच्या, जाड विटांच्या, वर आरसीसीचे बीम आणि बाथरूमला छतापर्यंत टाइल्स. दिवाणखान्यातलं वायफाय मागच्या बेडरूमपर्यंत जाता जाता दम टाकायचं. मेशमध्ये एकाऐवजी दोन-तीन डबे असतात. ते आपापसांत बोलतात आणि घरभर एकाच नावाचं जाळं पसरवतात. परदेशात हे २०१६ पासून विकलं जात होतं. आपल्या इमारतीतले पहिले संच मुलामुलींनी परदेशातून आणलेले किंवा पाठवलेले होते, आणि पुढची कथा तिथूनच सुरू होते.

बी विंगमध्ये आमच्या एक भगिनी राहतात, निवृत्त मुख्याध्यापिका. लेक कॅलिफोर्नियात. तिने तिकडेच सगळं जुळवून संच आणला, आईच्या घरात लावला, वर एक कॅमेरा बसवला आणि परत गेली. महिना-दोन महिन्यांतून एकदा, भर दुपारी, बाईंचं वायफाय दहा मिनिटं जायचं. तिकडे लेकीच्या फोनवर पहाटे सूचना वाजायची : कॅमेरा बंद. ती दचकून उठायची, आईचा व्हॉट्सॲप कॉल लागायचा नाही, मग वॉचमनला फोन. वॉचमन धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर. बाई वर्तमानपत्र वाचत बसलेल्या. "अहो, मला काय झालंय? मी बरी आहे की!" असं दोन-तीनदा झालं. एकदा तर वॉचमन गेटवर नव्हता, आणि लेकीने तिथून तीन शेजाऱ्यांना उठवलं (दुपारचं झोपलेले होते). त्या माउलीची अवस्था काय झाली असेल?

कारण निघालं साधं. अपडेटची वेळ पहाटे तीनची, पण राउटरचं घड्याळ कॅलिफोर्नियाचं. तिकडचे पहाटेचे तीन म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. टाइम झोन बदलल्यावर दुपारचा प्रकार थांबला. पण खरी अडचण त्याच्या पुढची होती. ते घड्याळ बदलण्याचा अधिकार बाईंकडे नव्हताच. संच लेकीच्या खात्यावर, ॲप लेकीच्या फोनमध्ये. यंत्र ताराबाई पार्कात आणि किल्ली सातासमुद्रापार! बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात, त्याचं कारण हेच. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये घरातलं दुसरं माणूस व्यवस्थापक म्हणून जोडता येतं. आपल्याकडे जिथे मुलं बाहेर आणि आईवडील इथे अशी घरं आहेत, तिथे दिवाळीला मुलं येतील तेव्हा एवढं करून घ्यावं.

या प्रकारानंतर काही सभासदांनी अपडेटच बंद करून टाकलं. "चाललंय ते चांगलं चाललंय, कशाला हात लावायचा?" त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलच्या बाजूला झालेल्या बिघाडाने त्यांचे बरेच घरगुती राउटर कोऱ्या पाटीवर आले आणि लोकांना सगळं पुन्हा जुळवावं लागलं. मे २०२३ मध्ये असूसने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभर त्यांचे राउटर बंद पडत होते. १९ जुलै २०२४ चा क्राउडस्ट्राइकचा गोंधळ राउटरचा नव्हता, पण जात तीच : एक सदोष अपडेट, सुमारे ८५ लाख संगणक आडवे, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास.

तरीही माझं मत चालू ठेवावं असंच आहे. कंपनीच्या चुकीने बंद पडलेला राउटर बहुधा एक-दोन दिवसांत परत उभा राहतो. छिद्र उघडं ठेवलेला राउटर वर्षानुवर्षं चालत राहतो आणि आत कोण बसलंय ते कळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका इंटरनेट कंपनीच्या ग्राहकांचे सहा लाखांवर राउटर तीन दिवसांत कायमचे निकामी झाले. ते अपडेटमुळे नव्हे, बाहेरच्या घुसखोराने पोटातली आज्ञावलीच बिघडवल्यामुळे. सगळे बदलावे लागले.

शिवाय चांगल्या बनावटीच्या राउटरमध्ये आमच्या जुन्या रजिस्टरइतकीच काळजी घेतलेली असते. अपडेटवर कंपनीची डिजिटल सही असते. यंत्र ती आपल्याकडच्या नमुना सहीशी पडताळतं आणि जुळली तरच पुढे जातं. आत दोन कप्पे असतात. नवी आज्ञावली रिकाम्या कप्प्यात उतरते आणि ती नीट सुरू झाली नाही तर यंत्र जुन्या कप्प्यावर परत येतं. स्वस्तातल्या डब्यांत दुसरा कप्पा नसतो. तिथे मधेच लाईट गेली की यंत्राची वीट झालीच म्हणून समजा.

आणि लाईटचं आपल्याकडे काय सांगावं! एप्रिल-मेचा वळीव आला की पहिली गाज विजेच्या तारांवर. बारा व्होल्टचा छोटा बॅकअप राउटरसाठी मिळतो, इन्व्हर्टर नसलेल्या घरांनी तो घ्यावा. दुसरी अडचण आपल्या काटकसरीची आहे. ज्येष्ठांपैकी बरेच जण रात्री झोपताना राउटरचं बटण बंद करतात. पहाटे तीनला यंत्रच बंद, मग अपडेट होणार कधी? मेशमध्ये तर एक डबा चालू आणि बेडरूममधला बंद असला की एक नव्या आज्ञावलीवर आणि दुसरा जुन्यावर राहतो, आणि "मागच्या खोलीत रेंजच नाही" ही तक्रार येते. तिन्ही डबे आठवड्यातून एक रात्र तरी चालू ठेवावेत, किंवा ॲपमध्ये दिवसा स्वतः अपडेट तपासावं.

तक्रार करण्याआधी आणखी एक बघावं. घरात डबे दोन प्रकारचे असतात. फायबर येतो तो डबा इंटरनेट कंपनीचा, आणि त्याचं अपडेट कंपनी तिकडून करते. मेशचा संच आपला. लाल दिवा कुठल्यावर आहे हे पाहून फोन केला तर अर्धा तास वाचतो.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायद्याने असे सरसकट मूळ पासवर्ड बंद झाले, आणि सुरक्षेची अपडेट किती काळ मिळतील हे ग्राहकाला सांगणं उत्पादकावर बंधनकारक झालं. आपल्याकडे दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. वॉरंटी विचारतात, जी यंत्राची असते. अपडेट किती वर्षं मिळणार हा प्रश्न वेगळा आहे.

सोसायटीच्या कार्यालयातल्या राउटरचं उत्तर आम्ही काढलं. त्याला कंपनीने अपडेट देणं थांबवलं आहे. गेटचे आणि जिन्यांचे कॅमेरे ज्या रेकॉर्डरवर आहेत तो त्याच राउटरला जोडलेला आहे, आणि रेकॉर्डरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. पासवर्ड गेल्या महिन्यात बदलला. तो दोन बंद पाकिटांत, एक सेक्रेटरींकडे आणि एक खजिनदारांकडे, सही करून ठेवला आहे. नवा राउटर घेण्याचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेत सहाव्या क्रमांकावर आहे, लिफ्टच्या दुरुस्तीनंतर.